कुणाचे, कुठले, कितव्या पानावरचे

अभ्यासग्रंथात दुसऱ्याचे वाक्य, मत, आकडा किंवा शोध घेतला, की तो कुणाचा आणि कुठे सापडेल हे सांगावे लागते. यालाच संदर्भ देणे म्हणतात. यातल्या 'कुणाचा'मध्ये श्रेय आहे आणि 'कुठे'मध्ये पत्ता. श्रेयाची चर्चा पुष्कळ होते, कारण तिथे चुकले की वाङ्मयचौर्याचा आळ येतो. पत्त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. पण ग्रंथ नष्ट होतात, गावांची नावे बदलतात, जिल्हे इकडचे तिकडे जातात, आणि मग कामाला येतो तो पत्ताच. बिदर आणि कलबुर्गी हे सीमाजिल्हे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. संस्कृत, कन्नड, फारसी, मराठी आणि उर्दू अशा पाच भाषांत या पट्ट्यात लिहिले गेले, आणि आधार सांगण्याच्या नाना रीती इथे पडल्या.

कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात, अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, 'कविराजमार्ग' हा अलंकारग्रंथ झाला. आज उपलब्ध असलेल्या कन्नड ग्रंथांत तो सर्वांत जुना. त्याच्या मांडणीचा मोठा भाग दंडीच्या 'काव्यादर्शा'वर बेतलेला आहे. पण अभ्यासकाला त्यातली एक छोटी यादी अधिक मोलाची वाटते. आपल्या आधीचे कन्नड गद्यलेखक म्हणून त्यात विमल, उदय, नागार्जुन, जयबंधू, दुर्विनीत यांची नावे आहेत, आणि कवी म्हणून श्रीविजय, कवीश्वर, पंडित, चंद्र, लोकपाल यांची. यांतल्या बहुतेकांचे लेखन आज हाती नाही. नवव्या शतकाच्या आधीही कन्नडात ग्रंथरचना होत होती, असे म्हणताना याच यादीकडे बोट दाखवावे लागते. इतरांची नावे जपणाऱ्या या ग्रंथाचा स्वतःचा कर्ता मात्र वादात आहे. तो राजा नृपतुंग की श्रीविजय नावाचा दरबारी कवी, यावर विद्वानांचे एकमत नाही.

संदर्भाची खरी शिस्त दिसते ती संस्कृत टीकाग्रंथांत, आणि त्यांतला एक थोर ग्रंथ बिदर जिल्ह्यातला आहे. बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांचे कल्याण, ही सहाव्या विक्रमादित्याची (१०७६ ते ११२६) राजधानी. त्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. बंगाल आणि आसामचा भाग सोडला, तर पुढे देशभर हिंदू वारसाहक्काचे निवाडे याच ग्रंथाच्या आधाराने होऊ लागले.

'मिताक्षरे'च्या आरंभीच्या श्लोकातच हिशेब चुकता केलेला आहे. धर्मशास्त्र सांगितले याज्ञवल्क्याने, त्याचा विस्तार केला विश्वरूपाने पण अवघड शब्दांत, आणि आता तेच नवशिक्यांसाठी सोप्या आणि मोजक्या अक्षरांत सांगायचे आहे, असा त्याचा आशय. मूळ कुणाचे, आधी काम कुणी केले, ते का पुरले नाही आणि आपण काय करणार, हे सारे एका श्लोकात बसले. आजच्या प्रबंधात 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या मथळ्याखाली वीस-पंचवीस पाने खर्ची पडतात, ती याच कामासाठी.

आत ग्रंथभर आधार सांगण्याची भाषा ठरीव आहे. मनूचे वचन आले की 'यथाह मनुः'. नारद, बृहस्पती, कात्यायन यांचे आले की त्यांचे नाव. कधी नुसतेच 'इति स्मरणात्', म्हणजे असे स्मृतीत आहे, एवढेच. पानाचा किंवा श्लोकाचा आकडा नाही. पोथी प्रत्येकाची वेगळी, तेव्हा पानाच्या आकड्याला अर्थही नव्हता. वाचणाऱ्याला ती स्मृती पाठ असणार असे गृहीत होते. ज्यांचे मत खोडायचे त्यांना पुष्कळदा 'केचित्' किंवा 'अन्ये', म्हणजे 'काही' आणि 'दुसरे', असे म्हणून मोकळे व्हायचे. त्या काळच्या वाचकाला हे 'काही' कोण ते कळत असेल. नंतरच्यांना ते शोधत बसावे लागले. आजही 'काही अभ्यासकांच्या मते' असे लिहून पुढे जाणारे पुष्कळ आहेत. विज्ञानेश्वराला निदान पोथीची अडचण होती.

सुदैवाने त्याने पुष्कळांची नावे घेतली आहेत: असहाय, मेधातिथी, भारुची, श्रीकर, धारेश्वर. यांतला धारेश्वर म्हणजे धारचा राजा भोज. भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, तेव्हा 'मिताक्षरा' त्याच्या आधीची असू शकत नाही. कोण कुणाचे नाव घेतो आणि कोण कुणाला ओळखत नाही, यावरून ग्रंथांचा काळ ठरवण्याची ही रीत महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी फार चिकाटीने वापरली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रकाशित केलेल्या त्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त पानोपानी अशी जुळणी आहे.

काणे यांनी याच्याही पुढचे काम केले. कात्यायनस्मृतीचा व्यवहारावरचा, म्हणजे कज्जे-खटल्यांवरचा भाग स्वतंत्र ग्रंथ म्हणून कुठेच उरलेला नव्हता. 'मिताक्षरा' आणि इतर टीकानिबंधांत कात्यायनाच्या नावाने आलेली वचने वेचून, पाठभेद लावून त्यांनी ती स्मृती १९३३मध्ये पुन्हा उभी केली. नऊशेहून अधिक श्लोक मिळाले. बृहस्पतिस्मृतीचेही असेच झाले. के. व्ही. रंगस्वामी अय्यंगार यांनी ती १९४१मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत याच पद्धतीने सिद्ध केली. टीकाकारांनी वचने घेतली असती आणि नावे गाळली असती, तर ही वचने आज असती, पण ती कात्यायनाची की बृहस्पतीची हे कुणालाच कळले नसते.

'मिताक्षरे'च्या पत्त्याची पुढची हकीकतही सांगण्याजोगी आहे. १८१०मध्ये कोलब्रुकने तिच्यातल्या दायविभागाचे, म्हणजे वारसावाटणीच्या भागाचे, इंग्रजी भाषांतर छापले. न्यायालयाला चटकन बोट ठेवता यावे म्हणून त्याने मजकुराचे प्रकरण, कलम आणि परिच्छेद पाडले. मुळात अशी विभागणी नव्हती. टीका श्लोकामागून श्लोक चालते आणि दायविभाग व्यवहाराध्यायाच्या ११४व्या श्लोकाशी सुरू होतो. त्यामुळे एकाच मजकुराला दोन पत्ते झाले. वकील म्हणणार पहिले प्रकरण, पहिले कलम, सत्ताविसावा परिच्छेद. संस्कृत पंडित म्हणणार याज्ञवल्क्य, दुसरा अध्याय, अमुक श्लोक. श्लोकांचा आकडाही पक्का नाही. 'मिताक्षरे'च्या पाठात याज्ञवल्क्यस्मृती १०१० श्लोकांची आहे, विश्वरूपाच्या पाठात १००३ आणि शिलाहार राजा अपरार्क याच्या टीकेत १००६. म्हणून जुन्या ग्रंथाचा संदर्भ देताना कुठली आवृत्ती समोर होती ते लिहावेच लागते. नुसता श्लोकांक म्हणजे गल्लीचे नाव न लिहिता घर नंबर लिहिण्यासारखे आहे.

बहमनी काळात इथला इतिहास फारसीत लिहिला जाऊ लागला. बहमनींची राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून (आजचे कलबुर्गी) बिदरला आली. त्या दरबाराविषयी जे माहीत आहे, त्यातले बरेचसे फिरिश्ताच्या तवारिखेतून येते. फिरिश्ताने ती सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिली आणि प्रस्तावनेत आपण वापरलेल्या तीसहून अधिक ग्रंथांची नावे दिली. बहमनींसाठी त्याचे मुख्य आधार तीन: शेख आझरीचा 'बहमननामा', मुल्ला मुहम्मद लारीचा 'सिराजुत्तवारीख' आणि मुल्ला दाऊद बीदरीचा 'तुहफतुस्सलातीन'. तीनही ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. बिदरच्या दाऊदने बिदरच्या सुलतानांवर लिहिलेले पुस्तक बिदरमध्ये उरले नाही. ते कुणी आणि काय लिहिले होते हे विजापुरातल्या एका लेखकाने नाव घेतले म्हणून कळते.

यातून आजच्या विद्यार्थ्याला नेहमी अडवणारा प्रश्न निघतो. पुस्तक प्रत्यक्ष पाहिले नसेल तर त्याचा संदर्भ कसा द्यायचा? समजा, एखाद्याला दाऊद बीदरीचे एक विधान वापरायचे आहे. त्याने वाचले ते जॉन ब्रिग्जने केलेल्या फिरिश्ताच्या इंग्रजी भाषांतरात, जे १८२९मध्ये लंडनला छापले गेले. तळटीपेत नुसते 'दाऊद बीदरी, तुहफतुस्सलातीन' असे लिहिले तर हरवलेला ग्रंथ हाताळल्याचा आव आणल्यासारखे होते. प्रामाणिक तळटीप अशी होईल: 'मुल्ला दाऊद बीदरी, तुहफतुस्सलातीन (अनुपलब्ध), फिरिश्ता यांनी उद्धृत, इंग्रजी अनुवाद जॉन ब्रिग्ज, लंडन, १८२९, खंड २', आणि शेवटी पान. टीप लांबते खरी. पण विधान तीन हातांतून आले आहे हे तिच्यातून दिसते. ब्रिग्जचे भाषांतर सैल आहे अशी तक्रार अभ्यासकांनी केली आहे, म्हणून तिसऱ्या हाताचे नाव गाळणे इथे विशेष महागात पडते.

कवींची रीत वेगळी होती. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी वचने रचली. वचनाच्या शेवटी 'अंकित' येते, म्हणजे कवीने आपल्या आराध्याचे घेतलेले नाव. 'कूडलसंगमदेव' आले की वचन बसवण्णांचे, 'गुहेश्वर' आले की अल्लमप्रभूंचे, 'चन्नमल्लिकार्जुन' आले की अक्कमहादेवीचे. मराठी अभंगातली नाममुद्रा याच जातीची, फक्त तिथे कवी स्वतःचे नाव घालतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७ ते १८६५) यांनी मराठी, कन्नड, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदे रचली आणि त्यांतही 'माणिक' ही मुद्रा फिरते. मुद्रेचा मोठा गुण असा, की ती गाण्याच्या चालीत बसवलेली असते. ती काढली तर ओळ लंगडते. दोष असा, की कुणीही नवे पद रचून त्यात थोराची मुद्रा घालू शकतो. वचने काय, अभंग काय, प्रक्षेपांचा गुंता इथूनच सुरू होतो.

अंकिताचे मोल किती, हे अलीकडच्या एका खटल्यात दिसले. माते महादेवी यांनी 'बसव वचन दीप्ती' या आपल्या संपादनात बसवण्णांच्या वचनांतील 'कूडलसंगमदेव' बदलून 'लिंगदेव' असे अंकित घातले. कर्नाटक सरकारने १९९८मध्ये या पुस्तकावर बंदी घातली आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुस्तकावर बंदी घालावी की नाही हा वेगळा प्रश्न. संपादनशास्त्रापुरते बोलायचे तर मूळ पाठ जसाच्या तसा छापून आपले मत तळटीपेत कारणांसह मांडण्याची वाट मोकळी होती.

मराठीतला या भूमीचा सर्वांत वाचला जाणारा ग्रंथ 'गुरुचरित्र'. कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमावरचे गाणगापूर हे त्याचे केंद्र. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांनी आधाराची साखळी कथेतच गुंफली. सिद्ध सांगतो आणि नामधारक ऐकतो. सिद्ध हा चरित्रनायक नृसिंहसरस्वतींचा प्रत्यक्ष शिष्य, तेव्हा साक्ष पहिल्या हाताची. शिवाय पहिल्या अध्यायात कवीने आपली वंशावळ दिली आहे: सायंदेव, त्यांचे नागनाथ, त्यांचे देवराव, त्यांचे गंगाधर आणि गंगाधरांचे आपण सरस्वती. सायंदेव हेही श्रीगुरूंचे शिष्य होते. पाचव्या पिढीतला माणूस ही हकीकत सांगण्याचा अधिकार कुठून आणतो, याचे उत्तर त्या वंशावळीत आहे. मराठी भाषा आपल्याला नीट येत नाही, अशी कबुलीही तो तिथेच देतो, आणि सीमाभागातल्या वाचकाला ती लगेच ओळखीची वाटते. परंपरा सायंदेवांचे गाव आळंद तालुक्यातले कडगंची सांगते. त्याच कडगंचीत २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर आहे, आणि तिथल्या प्रबंधांना आधार सांगण्याचे आजचे नियम लागू होतात.

या नियमांच्या आज तीन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली तळटिपेची: मजकुरात वर छोटा अंक, पानाच्या तळाशी तपशील. इतिहास आणि साहित्याच्या अभ्यासकांना ती सोयीची, कारण टिपेत दोन शब्द जास्तीचे लिहिता येतात. शिकागो विद्यापीठाची १९०६पासून निघणारी नियमपुस्तिका हे या तऱ्हेचे प्रसिद्ध घर. दुसरी लेखक आणि साल कंसात देण्याची, जसे '(याझदानी, १९४७)'. हिचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१च्या लेखात दाखवतात. समाजशास्त्रे आणि मानसशास्त्र यांत हीच चालते. तिसरी अंकांची: वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८मध्ये व्हँकुव्हरला बसून ती ठरवली. कुठली निवडायची हे विषयावर आणि विद्यापीठाच्या नियमावर अवलंबून असते. एका प्रबंधात दोन तऱ्हा मिसळू नयेत, एवढे पथ्य पुरे. मराठीत लगेच आधीचाच ग्रंथ पुन्हा आला की 'तत्रैव' लिहितात, आणि मध्ये दुसरे ग्रंथ येऊन गेले असतील तर 'उपरोक्त'. संगणकावर मजकूर वरखाली हलवला की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाला चिकटतो. म्हणून आता बरेच जण लेखकाचे आडनाव आणि ग्रंथाचे आखूड नाव प्रत्येक वेळी लिहितात, आणि ते बरे.

या दोन जिल्ह्यांवर लिहिणाऱ्याला नियमपुस्तिकेत नसलेल्या अडचणी येतात. नावांचेच पाहा. गुलबर्गा १ नोव्हेंबर २०१४ला अधिकृतपणे कलबुर्गी झाले. जुन्या पुस्तकावर प्रकाशनस्थळ 'गुलबर्गा' असेल तर सूचीत तेच ठेवायचे. मजकुरात हवे तर नवे नाव वापरायचे. १९५६पूर्वीच्या हैदराबाद संस्थानी कागदात 'बिदर जिल्हा' असे आले, तर ते गाव आजच्या बिदरमध्ये असेलच असे नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेत ते उस्मानाबादकडे गेले आणि १९८२पासून लातुरात आहेत. सालाचेही तसेच. चालुक्यांच्या शिलालेखात १०७६मध्ये सुरू झालेला चालुक्य-विक्रम शक असतो, मराठी पोथीत शालिवाहन शक, फारसी ग्रंथात हिजरी आणि निजामाच्या दप्तरात फसली, ज्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन हाती येतो. संदर्भात मूळ साल जसे आहे तसे लिहून इसवी सन कंसात द्यावे. उलटे केले आणि बेरीज चुकली, तर चूक पकडायला काहीच उरत नाही.

भाषांतराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. भालकीचा किंवा औरादचा विद्यार्थी मराठीत प्रबंध लिहितो, पण वाचतो कन्नड, इंग्रजी आणि कधी उर्दू. कन्नड पुस्तकातले पान त्याने मराठीत उतरवले, तर शब्द सगळे त्याचे असतात आणि विचार सगळा दुसऱ्याचा. शब्द बदलले की श्रेय संपते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अशा ठिकाणी मूळ लेखक, मूळ भाषा आणि 'अनुवाद प्रबंधलेखकाचा' अशी नोंद हवी. शब्दांची जुळणी करून साम्य शोधणाऱ्या संगणकप्रणालीला ही उचल सहसा सापडत नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या परीक्षकाला मात्र दुसऱ्या परिच्छेदातच वास येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि ६०च्या पुढे नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. या आकड्यांमुळे एक विचित्र सवय लागली आहे. 'टक्का उतरवण्यासाठी' वाक्ये फिरवून लिहिली जातात आणि चोरी तशीच राहते. सर्वज्ञात गोष्टीला संदर्भ लागत नाही, हेही अनेकांना सांगितले जात नाही. बिदर ही बहमनींची राजधानी होती, या वाक्याला तळटीप नको. ती कोणत्या वर्षी झाली, याला हवी, कारण कुणी १४२४ म्हणतो तर कुणी त्यानंतर पाच-सहा वर्षांनी.

संदर्भ दिला म्हणजे तो खरा असतो असेही नाही. बिदरमध्ये १४७२ साली मदरसा बांधणारा वजीर महमूद गावान याची गोष्ट फिरिश्ता सांगतो. शत्रूंनी त्याच्या शिक्केवाल्याला फितवून कोऱ्या कागदावर त्याची मोहोर उठवून घेतली आणि नंतर त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून फितुरीचा मजकूर लिहिला. सुलतानाने मोहोर पाहिली, आणि १४८१मध्ये गावानचा शिरच्छेद झाला. मोहोर अस्सल होती, मजकूर बनावट. तळटिपेतही असे घडते: ग्रंथ खरा, लेखक खरा, पान खरे, आणि त्या पानावर ते विधानच नाही. कुणाच्या तरी सूचीतून उचललेली टीप दुसऱ्याच्या सूचीत, तिथून तिसऱ्याच्या, अशी ती फिरत राहते. यावर उपाय एकच, पुस्तक काढून पान पाहणे.

उरला तोंडी आधार. जात्यावरच्या ओव्या, मेळ्यातली पदे, वृद्धांच्या आठवणी यांना पान नसते. मराठीत याचा जुना नमुना महानुभावांकडे सापडतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा प्रत्यक्ष साक्षीदारांना विचारून जमवल्या. मूळ प्रत हरवल्यावर अनुयायांनी त्या आठवणीतून पुन्हा लिहिल्या, आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे कुणाचा पाठ कोणता हे नावानिशी नोंदवले. आज ओवी टिपून घेणाऱ्याने सांगणाऱ्या बाईची परवानगी घ्यावी, तिने हरकत घेतली नाही तर नाव लिहावे, नाहीतर 'माहितीदार स्त्री' एवढेच. मग गाव, तालुका, वय, ती कुठल्या भाषेत बोलली, तारीख, आणि ध्वनिफीत कुठे ठेवली आहे. ओवी तिने आईकडून घेतली की सासरी शिकली, हेही विचारून ठेवावे. माहेर बसवकल्याणचे आणि सासर उमरग्याचे असले तर ओवी सीमेच्या कुठल्या बाजूची, ते त्या एका नोंदीवरून ठरते.